वॉल्टर टलच्या मागोमाग

डोक्यावर टोपी घाला. उघड्या डोक्याचा माणूस इथे लगेच नजरेत भरतो. तुम्ही तसेही भरणारच आहात, पण त्याला इलाज नाही.

1909 सालचा ऑक्टोबर, शनिवारची दुपार, ब्रिस्टलमधलं ॲश्टन गेट मैदान. सहा पेन्स मोजून तुम्ही उभ्याच्या जागेत शिरलात आणि आता दोन्ही बाजूंनी लोकांच्या कोपरांत अडकलात. शनिवार अर्ध्या दिवसाचा. त्यामुळे गोदीतले हमाल, विल्सच्या तंबाखू कारखान्यातले कामगार, छापखान्यातली पोरं, सगळे कामावरून थेट इकडेच आलेत. ओल्या लोकरीचा आणि पाइपच्या धुराचा वास नाकात बसतो. शेजारचा माणूस तुमच्याकडे एकदा बघतो, मग मान वळवून पुन्हा बघतो. या मुलखात हिंदुस्थानी माणूस म्हणजे एक तर बोटीवरचा खलाशी, नाही तर राजपुत्र. रणजितसिंहजींनी तेरा वर्षांपूर्वी इंग्लंडकडून कसोटीत शतक ठोकलं, तेव्हापासून हा दुसरा प्रकारही लोकांना माहीत झालाय. तुमचा कोट बघून तो तुम्हाला खलाशांत टाकतो आणि मैदानाकडे वळतो.

तांबड्या अंगरख्यांत ब्रिस्टल सिटी. गेल्याच एप्रिलमध्ये हा संघ एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडकडून एका गोलनं हरलाय आणि ती सल अजून ताजी आहे. पांढऱ्या अंगरख्यांत टॉटनहॅम हॉटस्पर, म्हणजे स्पर्स, पहिल्या श्रेणीत यंदा प्रथमच आलेले. पाठीवर नंबर नाहीत, ते यायला पुष्कळ वर्षं जायची आहेत. पण पांढऱ्या अंगरख्यातला इनसाइड लेफ्ट ओळखायला नंबर लागत नाही. अकरांत तो एकटाच काळा आहे. बावीसांतही एकटाच.

वॉल्टर टल. वय 21. आठवड्याला चार पौंड, म्हणजे कायद्यानं व्यावसायिक खेळाडूला देता येईल तेवढा पुरा पगार. करारावर सही करताना मिळालेले दहा पौंड वेगळे, तीही कमाल मर्यादाच. वर्षभरापूर्वी हा क्लॅप्टनकडून हौशी म्हणून खेळत होता. त्या एका हंगामात क्लॅप्टननं तीन चषक उचलले आणि स्पर्सची माणसं त्याच्या दारात येऊन उभी राहिली.

त्याचा खेळ जरा नीट बघा. पायाला वाऱ्याचा वेग नाही. पण चेंडू आला की तो थांबतो, म्हणजे निमिषभरच. अंगावर धावून येणारा मधल्या फळीतला हाफ एका बाजूला झुकेपर्यंत तो वाट बघतो आणि मग चेंडू त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत सरकवतो. चामड्याचा, वादीनं शिवलेला, पाणी पिऊन जड झालेला चेंडू आहे हा. त्याला लाथ घालणारे पुष्कळ, हळुवार सरकवणारे थोडे. बाकी खेळ तुम्हाला ओळखीचा वाटेल आणि मध्येच वाटेनासा होईल. तो बघा, गोलरक्षक पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर येऊन चेंडू हातात घेतोय आणि पंच शिट्टी वाजवत नाही. आपल्या अर्ध्या मैदानात हात लावायची त्याला अजून मुभा आहे. 1912 मध्ये ती जाईल.

मग ते सुरू होतं. आधी एक आवाज, मग दहा, मग एका कोपऱ्यातून एकसुरात. शब्द मी इथे उतरवत नाही. त्याच्या पायाला चेंडू लागला की आवाज चढतो, चेंडू गेला की उतरतो. तुमच्या शेजारचा माणूस ओरडत नाहीये, पण हसतोय. तुम्ही काय करता? काही नाही. गर्दीत एकटे आहात, रंग जवळपास त्याच घरातला आहे आणि परतीचं तिकीट माझ्याकडे आहे. टल मान वर करत नाही. थांबतो, झुकू देतो, सरकवतो.

हे बंदर कशावर श्रीमंत झालं, ते इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. अठराव्या शतकात इथून जहाजं पश्चिम आफ्रिकेला जायची, तिथून माणसं भरून वेस्ट इंडीजला, आणि तिथून साखर घेऊन परत इथे. टलचे आजोबा बार्बाडोसला गुलाम होते. त्या साखरेवर वाढलेल्या शहरात नातू आज चार पौंडांवर खेळतोय आणि शहर त्याच्यावर ओरडतंय.

‘फुटबॉल स्टार’चा वार्ताहर मात्र वही उघडून बसलाय. लंडनच्या बिलिंग्जगेट मासळीबाजारालाही खाली मान घालायला लावील अशी भाषा वापरली गेली, असं तो छापणार आहे. खेळायची पद्धत आणि मन इतकं स्वच्छ की गोऱ्या खेळाडूंनी याचा कित्ता गिरवावा, असंही. त्यातला ‘गोऱ्या’ हा शब्द आज आपल्याला खटकेल, पण 1909 मध्ये एवढं छापायलाही हिंमत लागत होती.

यानंतर थोड्याच दिवसांत टल स्पर्सच्या राखीव संघात गेला. दोन हंगामांत मिळून पहिल्या संघाकडून लीगचे 10 सामने आणि 2 गोल, एवढीच त्याची तिथली नोंद. ब्रिस्टलमुळेच त्याला काढलं असं क्लबनं कुठे लिहून ठेवलेलं नाही. अशा गोष्टी कुणीच लिहून ठेवत नाही. मला विचाराल तर क्लबला खेळाडूची नाही, गोंगाटाची भीती वाटली. याच क्लबाबद्दल एक दंतकथा आहे. त्याच 1909 च्या उन्हाळ्यात अर्जेंटिना-उरुग्वेच्या दौऱ्यावरून परतताना बोटीवर वेशभूषेची स्पर्धा झाली, स्पर्सच्या दोघांनी रॉबिन्सन क्रूसो आणि त्याचा फ्रायडे यांची सोंगं घेतली आणि बक्षीस म्हणून कप्तानाचा पोपट मिळवला. टलही त्या दौऱ्यावर होता. तो पोपट म्हणे क्लबात दहा वर्षं राहिला. टल दोन.

जरा मागे जाऊ या, पण रेंगाळायचं नाही. 1898 चा फेब्रुवारी, लंडनच्या पूर्वेला बेथनल ग्रीन, बॉनर रोडवरचं मेथडिस्टांचं अनाथालय. नऊ वर्षांचा वॉल्टर आणि त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा एडवर्ड दारात उभे आहेत. समुद्रकाठच्या फोकस्टनहून आलेत. वडील डॅनियल बार्बाडोसचे, धंद्यानं सुतार. आई ॲलिस तिथलीच, केंट परगण्यातली. आई 1895 मध्ये कर्करोगानं गेली. वडिलांनी तिच्याच नात्यातल्या क्लाराशी लग्न केलं आणि 1897 च्या डिसेंबरात तेही हृदयविकारानं गेले. क्लाराच्या पदरी स्वतःची तान्ही आणि सवतीची पाच. चॅपेलच्या पाद्र्यानं सुचवलं, दोन मुलगे अनाथालयात द्यावेत. दोन वर्षांनी एडवर्डला ग्लासगोच्या वॉर्नॉक कुटुंबानं दत्तक घेतलं. तो पुढे शिकून दंतवैद्य झाला. वॉल्टर मागे राहिला, अनाथालयाच्या संघातून खेळला, छापखान्याचं काम शिकला. भाऊ वेगळे झाले, तुटले मात्र नाहीत. पुढे सैन्याच्या कागदांवर नातलग म्हणून एडवर्डचंच नाव लागायचं आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

1911 च्या ऑक्टोबरात नॉर्दॅम्प्टन टाउनचा मॅनेजर त्याला उचलतो. त्याचं नाव हर्बर्ट चॅपमन. पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल यांना घडवणारा हाच. नॉर्दॅम्प्टन चपला-बुटांचं गाव, संघ सदर्न लीगमधला, म्हणजे स्पर्सहून खालच्या पायरीवरचा. पण इथे टलला रोजची जागा मिळते. चॅपमन त्याला पुढच्या फळीतून काढून हाफच्या जागी आणतो, जिथून सगळं मैदान समोर दिसतं आणि वेगापेक्षा डोकं कामी येतं. इथे तो शंभराहून अधिक सामने खेळला. खेळाडू म्हणून त्याची खरी वर्षं हीच, आणि ती सुखाची म्हणून त्यांच्याबद्दल लिहिलंही कमी जातं.

त्याच 1911 च्या उन्हाळ्यात आपल्याकडचा एक माणूस इंग्लंडात होता. पालवणकर बाळू. पतियाळाच्या महाराजांच्या हाताखाली हिंदुस्थानचा संघ दौऱ्यावर आला होता. संघ सपाटून हरत होता आणि डावखुरा बाळू विकेट काढत होता, दौऱ्यात शंभरावर. पुण्यात याच बाळूला, अस्पृश्य म्हणून, सामन्यात चहा पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या कपात दिला जायचा. हिंदू संघाला त्याची गोलंदाजी हवी होती. कप्तानपद त्याला अखेरपर्यंत मिळालं नाही. टल आणि बाळू एकमेकांना भेटले नाहीत. भेटले असते तर ओळख करून द्यायला फार वेळ लागला नसता.

1914. ऑगस्टमध्ये युद्ध लागलं आणि क्रिकेट थांबलं, रग्बी थांबलं. फुटबॉल थांबला नाही. खेळाडू क्लबांच्या करारात बांधलेले, क्लबांनी तिकिटं विकलेली. वर्तमानपत्रांतून पत्रांचा मारा सुरू झाला: तिकडे पोरं मरताहेत आणि हे धडधाकट गडी पैसे घेऊन चेंडू लाथाडताहेत. यात वर्गाचा तोराही होता. रग्बी-क्रिकेटवाले सभ्य गृहस्थ, हे मजुरांची पोरं. शेवटी 15 डिसेंबरला फुलहॅमच्या टाउन हॉलमध्ये सभा झाली आणि फुटबॉलवाल्यांची स्वतंत्र पलटण उभी राहिली: मिडलसेक्स रेजिमेंटची 17 वी बटालियन. पहिली सही ब्रॅडफर्ड सिटीच्या फ्रँक बकलीची. शनिवारी सामन्याला रजा मिळेल, अशी सोयही होती.

21 डिसेंबरला टल भरती झाला. नॉर्दॅम्प्टनच्या खेळाडूंत पहिला. प्रशिक्षणातच त्याला बढत्या मिळाल्या आणि तो सार्जंट झाला. आता गंमत बघा. पाच वर्षांपूर्वी ज्याच्यावर ओरडत होते, त्याच्याच हुकमावर तसल्याच गर्दीतली पोरं कवायत करताहेत. 1915 च्या नोव्हेंबरात पलटण फ्रान्सला उतरली. पुढचं थोडक्यात, कारण खंदक एकसारखेच असतात: चिखल, उंदीर, वाट बघणं. जानेवारीत त्यानं एडवर्डला लिहिलं की मागे विश्रांतीला ठेवलं की पोरं कंटाळतात, त्यापेक्षा त्यांना खंदक परवडतो. पुढच्या काही महिन्यांत त्यालाच तो परवडेनासा झाला होता. तोफांनी डोकं हललं, तेव्हा डॉक्टर त्याला वेडाचा तीव्र झटका म्हणत. त्याला इंग्लंडला परत धाडलं. सप्टेंबरात तो पुन्हा फ्रान्सला, फुटबॉलवाल्यांच्याच दुसऱ्या पलटणीत, 23 व्या मिडलसेक्समध्ये. सॉमच्या लढाईचं शेपूट त्यानं पाहिलं, मग खंदकज्वर जडला आणि डिसेंबरात पुन्हा घरी.

आता एका कागदापुढे थांबायचं आहे. 1917 चा फेब्रुवारी, स्कॉटलंडचा पश्चिम किनारा, गेल्सची अधिकारी प्रशिक्षण छावणी. इथून ग्लासगो जवळ, म्हणजे एडवर्डही जवळ. टल इथे अधिकारी व्हायला आलाय. टेबलावर लष्करी कायद्याचं पुस्तक आहे, ते उघडा. काळ्या किंवा ‘रंगीत’ माणसाला मानाचा हुद्दा देता येईल, पण खऱ्या अर्थानं हुकूम चालवता येणार नाही, असं त्यात लिहिलंय. अधिकारपदासाठी उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा हवा, अशी अट वेगळ्या पत्रकात.

हा नियम तुम्हालाही लागू आहे, विसरू नका. याच सुमारास मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यानंतर, सहाव्या पूना डिव्हिजनमधल्या मराठा पलटणींचे सुभेदार तुर्कांच्या कैदेत आहेत. वीस-वीस वर्षं नोकरी झालेली माणसं, आणि काल आलेल्या कोवळ्या इंग्रज सेकंड लेफ्टनंटला सलाम ठोकणारी. हिंदी माणसाला किंग्ज कमिशन देण्याची घोषणा व्हायला 1917 चा ऑगस्ट उजाडायचा आहे, आणि तीही पहिल्या खेपेला नऊ जणांपुरती.

टलला त्याआधी, 30 मे 1917 रोजी कमिशन मिळालं. सेकंड लेफ्टनंट. नियम बदलला म्हणून नव्हे. सॉमनं इतके तरुण अधिकारी खाल्ले होते की वरिष्ठांनी शिफारस केलेला अनुभवी सार्जंट समोर असताना पुस्तक उघडायला कुणाला वेळ नव्हता. तो ब्रिटिश सैन्यातला अगदी पहिला काळा अधिकारी, असं पुष्कळ ठिकाणी छापतात. ते जपून घ्यावं. जमैकात जन्मलेल्या जॉर्ज बेमंडला 1915 मध्येच तोफखान्यात कमिशन मिळालं होतं. शुद्ध युरोपीय वंशाचे आहात का, या प्रश्नाला त्यानं सरळ ‘हो’ लिहून टाकलं होतं. टलचं वेगळेपण पहिलेपणात नाही. त्याचा चेहरा आणि बाप कुठला हे निम्म्या इंग्लंडला फुटबॉलच्या पानावरून ठाऊक होतं. त्याच्या बाबतीत डोळेझाक करायची तर ती डोळे उघडे ठेवूनच करावी लागली.

आता गरम कपडे चढवा. 1 जानेवारी 1918 ची रात्र, उत्तर इटलीतली पियावे नदी. इटलीची आघाडी गेल्या शरदात कोसळली, म्हणून ब्रिटिश पलटणी फ्लँडर्सच्या चिखलातून इथे आणल्यात. पलीकडच्या काठावर ऑस्ट्रिया-हंगेरीचं सैन्य. पियावे म्हणजे एक धार नव्हे. रुंद पात्र, मध्ये गोट्यांचे पांढरे पट्टे आणि त्यांतून पळणारे अनेक ओहोळ, आल्प्सचं पाणी, भर थंडीत. गोट्यावर बूट पडला की तो कुरकुरतो आणि ती कुरकुर तुम्हाला तोफेएवढी मोठी वाटते.

टल सगळ्यांच्या आधी पलीकडे जाऊन आलाय. पाणी कुठे गुडघाभर, कुठे कमरेच्या वर, गोटे कुठे सरकतात हे त्याला पायांनी ठाऊक आहे. आता त्याच्यामागे सव्वीस माणसं आहेत, छाप्याच्या मुख्य तुकडीला आडोसा देणारी. या युद्धात रात्रीच्या छाप्याला जाणारे गोरे शिपाई तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासतात, ही सर्रास रीत. आज कुणी फासली आहे का ते अंधारात दिसत नाही. तुमच्या पुढचा माणूस पाण्यात उतरताना दातांवर दात दाबून श्वास ओढतो. तुम्हीही उतरता. थंडी पोटरीला आधी चावते, मग पोटरी तुमची राहतच नाही. मध्यावर एकाचा पाय घसरतो, शेजारचा त्याला पट्ट्याला धरून उभा करतो. पुढे टल थांबलाय. फक्त निमिषभर. मग उजवीकडे वळतो आणि रांग त्याच्यामागे वळते.

पलीकडे काय झालं, ते गोंधळाचंच असतं: ओरडा, बाँब, चकाकी. परतताना मात्र शत्रू जागा झालाय आणि पात्रावर गोळ्यांचा पाऊस चालू आहे. आता आडोशाला काही नाही, मागे वळून पळायला गोटे आहेत. टल माणसांना गटागटानं पाण्यात उतरवतो, स्वतः शेवटी राहतो. अलीकडच्या काठावर डोकी मोजली जातात. सव्वीस. एकालाही ओरखडा नाही. डिव्हिजनचा सेनापती सिडनी लॉफर्ड त्याच्या धैर्याची आणि थंड डोक्याची लेखी दखल घेतो.

थंड डोकं हा शेरा सैन्यानं आत्ता लिहिला. ॲश्टन गेटच्या सहा पेन्सवाल्यांनी तो आठ वर्षांपूर्वीच पाहिला होता.

मार्चमध्ये पलटण फ्रान्सला परत. 21 तारखेला जर्मनांनी युद्धातला सर्वांत मोठा मारा सुरू केला आणि ब्रिटिश फळ्या सॉमच्या जुन्या मैदानांवरून मागे हटू लागल्या. 25 मार्च, बापोमच्या उत्तरेला फाव्रय गावाजवळ, माघार चालू असताना टलला गोळी लागली. वय 29. लेस्टर फॉसचा जुना गोलरक्षक टॉम बिलिंगहॅम याच पलटणीत शिपाई होता. त्यानं मशीनगनच्या माऱ्यात त्याला ओढत आणायचा प्रयत्न केला, पण जर्मन जवळ आले आणि त्याला हात सोडावा लागला. देह नंतर कधीच सापडला नाही. आरासच्या स्मारकावर त्याचं नाव आहे, बेपत्ता ठरलेल्या जवळजवळ पस्तीस हजार नावांमध्ये.

आणखी एक मुक्काम. 1918 चा एप्रिल, ग्लासगो. दंतवैद्य एडवर्डच्या हातात पलटणीची पत्रं आहेत. भाऊ युद्ध संपलं की याच शहरात येणार होता, रेंजर्सशी बोलणंही पक्कं झालं होतं. पत्रात अधिकारी लिहितो की माणसांचा त्याच्यावर जीव होता आणि त्याचं नाव मिलिटरी क्रॉससाठी सुचवलं होतं. तो क्रॉस आला नाही. टलच्या फाइलीत शिफारशीचा कागद सापडत नाही, असं सरकारचं उत्तर. आणि त्या काळच्या नियमांनी मरणोत्तर देता येत नव्हता, हे दुसरं. 2018 मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा खासदारांच्या एका मोठ्या गटानं पंतप्रधानांना पत्र लिहून तो मागितला. नॉर्दॅम्प्टनमध्ये स्टेडियमपाशी त्याचं स्मारक झालं, रस्त्याला नाव मिळालं, टपाल तिकीट निघालं. क्रॉस नाही.

माझा जीव पदकात फारसा अडकलेला नाही. मला ते पुस्तक आणि ते पत्रक आठवतं. युद्ध संपल्यावर शुद्ध युरोपीय वंशाची अट जशीच्या तशी चालू राहिली. 1939 च्या ऑक्टोबरात पुन्हा अधिकारी कमी पडू लागले तेव्हा ती बाजूला सारली गेली, आणि तीही फक्त युद्धापुरती.